'वेड लागणे' आणि 'वेडा असणे' : एका कलंकाचे भाषिक रूप

मराठीत वेड 'लागते'. तहान लागते, ठेच लागते, भूत लागते, तसेच वेड लागते. 'त्याला वेड लागले' या वाक्याचा कर्ता वेड हा आहे. ज्याला ते लागले तो माणूस चतुर्थीत, थोडा बाजूला उभा असतो. 'तो वेडा आहे' असे म्हणताच हे अंतर नाहीसे होते आणि विशेषण माणसाच्या लिंगवचनाप्रमाणे चालू लागते. त्यापुढची पायरी 'त्या घराण्यात वेड आहे' ही होय. या वाक्यात रोगी उरतच नाही. त्याच्या बहिणीचे ठरत आलेले लग्न तेवढे मोडते. स्किझोफ्रेनिया, म्हणजे मराठी पाठ्यपुस्तकांतील छिन्नमनस्कता, या रोगाभोवतीचा कलंक या तीन वाक्यांच्या दरम्यान कोठे तरी जन्म घेतो, असे सुचविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कुटुंबे या पायऱ्या उत्तम ओळखतात. म्हणूनच घरातील माणसे 'डोक्यावर थोडा परिणाम झाला आहे' असे म्हणतात, किंवा 'बाहेरचे काही तरी आहे' असे सांगतात. बाधेची ही भाषा केवळ अज्ञानातून येते असे समजणे उथळपणाचे होईल. बाधा बाहेरून येते आणि बाहेर जाऊ शकते; ती रक्तात नसते. सोयरिकीच्या बाजारात वेडापेक्षा बाधा स्वस्त पडते. जुन्या मराठीतील 'पिसे' हा शब्दही पिशाचाशी जोडला जातो, ही गोष्ट येथे लक्षात घेण्याजोगी आहे.

कलंकाला आणखी एक आश्रय मिळतो तो स्थलनामांचा. मराठी माणूस 'याला येरवड्याला पाठवा' किंवा 'ठाण्याला पाठवा' असे म्हणतो. हिंदीत आग्रा आणि राँची, तमिळमध्ये कीळ्पाक्कम, तेलुगूत एर्रगड्डा, मलयाळममध्ये ऊळंपारा आणि कुतिरवट्टम ही नावे नेमके हेच काम करतात. भाषाकुले दोन असली तरी अलंकार एकच. गावाचे नाव उच्चारले की रोगाचे नाव घेण्याची गरज राहत नाही, आणि माणसाला समाजाच्या सीमेबाहेर नेऊन ठेवण्याची क्रिया एका शब्दात उरकते.

मराठी वाङ्मयात याहून वेगळी स्मृती नाही असे नाही. तेराव्या शतकातील ऋद्धिपूरच्या गोविंदप्रभूंचे म्हाइंभटकृत चरित्र पाहावे. लोकांच्या घरांत शिरून अन्न घेणारे, मुलांत खेळणारे, सोवळ्याओवळ्याच्या मर्यादा न पाळणारे हे राऊळ. गाव त्यांना उघडपणे वेडे म्हणतो आणि तोच गाव त्यांना मायबापही मानतो. पण या उदाहरणाने आपली समजूत घालून घेणे मला धोक्याचे वाटते. तेथे वेड हे ईश्वरत्वाचे लक्षण ठरल्यामुळे क्षम्य झाले. भक्ताचे वेड, ध्येयवेडेपण, नाटकाचे वेड ही सारी मिरविण्याजोगी वेडे आहेत. ज्याला एकांतात अपरिचित आवाज ऐकू येतात आणि जो त्यांना भिऊन जेवण टाकतो, त्याच्या वाट्याला या गौरवातला कणही येत नाही.

नवा पारिभाषिक शब्द आला तेव्हा तो निष्कलंक असेल अशी अपेक्षा होती. ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ मध्ये ग्रीक धातूंवरून 'स्किझोफ्रेनिया' ही संज्ञा घडविली. 'छिन्नमनस्कता' हे तिचे शब्दशः रूपांतर. मात्र 'छिन्न' या पदाने दुभंगलेल्या, दोन माणसांच्या एका देहाची चुकीची कल्पना रूढ केली, जिचा या रोगाशी संबंध नाही. जपानी भाषेतही 'मनोविदारण' अशाच अर्थाचा शब्द होता. रुग्णांच्या कुटुंबीयांच्या आग्रहावरून २००२ मध्ये तो बदलून 'समन्वय बिघडल्याचा विकार' अशा अर्थाची संज्ञा स्वीकारण्यात आली. परिणाम मोठा बोलका होता : रुग्णाला त्याच्या रोगाचे नाव सांगितले जाण्याचे प्रमाण २००२ मध्ये सुमारे ३७ टक्के होते, ते २००४ पर्यंत सुमारे ७० टक्क्यांवर गेले. म्हणजे जुन्या शब्दाने डॉक्टरांचीही जीभ धरून ठेवली होती. लपविण्याचे ओझे रुग्णावर किती असते हे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २७ देशांतील पाहणीत दिसते. तीत भारताचा समावेश होता आणि ७३२ रुग्णांपैकी ७२ टक्क्यांना आपले निदान लपवावेसे वाटत होते.

कायद्याची भाषाही याच वाटेने हळूहळू चालली आहे. १९१२ च्या कायद्याच्या नावातच वेड होते. १९८७ च्या कायद्यात 'मनोरुग्ण व्यक्ती' आली. २०१७ च्या कायद्यात 'मानसिक आजार असलेली व्यक्ती' आली, आणि माणूस व आजार पुन्हा दोन झाले. विवाहाच्या कायद्यात मात्र १९७६ च्या दुरुस्तीने घटस्फोटाच्या कारणांच्या स्पष्टीकरणात या रोगाचे नावच घातले. त्यावर सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये असा निर्णय दिला की नुसते नाव चिकटल्याने विवाह मोडत नाही, रोगाची तीव्रता पाहावी लागते. व्याकरणाच्या परिभाषेत सांगायचे तर न्यायालयाने विशेषण नाकारून क्रियापदाची चौकशी केली.

सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या 'देवराई' (२००४) या चित्रपटात शेष हा रुग्ण आणि त्याला सांभाळणारी बहीण सीना, दोघांनाही सारखेच वजन आहे. शेषच्या मनातले प्रेक्षकाला आतून दिसते, त्यामुळे तो 'वेडा' हे विशेषण होऊन बसत नाही. गद्य कथनाला ही सोय सहज मिळत नाही. रुग्ण म्हणतो, 'मला आवाज ऐकू येतात'. मराठीच्या अनुभववाचक वाक्यांचा हा अगदी स्वाभाविक नमुना आहे. तेच घरातला किंवा शेजारचा माणूस सांगू लागला की वाक्य असे होते : 'त्याला आवाज ऐकू येतात म्हणे.' या शेवटच्या 'म्हणे' मध्ये अविश्वास आहे, किंचित हसू आहे, आणि सांगणाऱ्याने स्वतःसाठी राखलेले सुरक्षित अंतर आहे.