खोल चावा तारेने का सुटत नाही?

प्रश्न : मुलगी १९ वर्षांची आहे. खालचे दात वरच्यांमागे पूर्ण झाकले जातात, टाळूला टोचतात. तारा लावूनही फरक नाही. डॉक्टर आता छोटे स्क्रू सुचवतात. गरज आहे का?

उत्तर : अशा केसमध्ये बहुधा असते. खालच्या दातांची रांग बाजूने पाहिली, तर मध्ये खोलगट दिसते. हा बाक जर्मन शरीररचनातज्ज्ञ फॉन श्पे यांनी १८९० मध्ये वर्णिला. उलट्या बाकाची तार तो सपाट करते, पण बरेचसे काम उपदाढा वर उचलून आणि पुढचे दात बाहेर कलवून. वाढत्या वयात हे चालून जाते. वाढ थांबलेल्या, लांबट चेहऱ्यात मात्र दाढा उचलल्या की खालचा जबडा मागे फिरतो, ओठ मिटायला त्रास होतो. तिथे पुढचे दातच हाडात दाबायला हवेत, तेही अगदी हलक्या जोराने : एका दातावर साधारण १० ते २० ग्रॅम. घाई केली तर मुळे झिजतात! स्क्रू हाडाचा आधार घेतो, त्यामुळे दाढा जागेवर राहतात. हसताना वरच्या हिरड्या फार दिसत असतील तर वरचे दात दाबावेत, नाहीतर खालचे. हा निर्णय मला स्क्रूपेक्षाही महत्त्वाचा वाटतो. डॉक्टरांना तो जरूर विचारा आणि सुरुवातीला मुळांचा एक्स-रे काढून घ्या.