राजा नव्हे, व्यापारी : सत्यनारायण गोयंका



गोराई जेट्टीवर उभं राहिलं की खाडीपलीकडे पॅगोडाचा सोनेरी घुमट दिसतो. वर्गात विचारलं, "हा कोणी बांधला?" एकजण पटकन म्हणाला, "राजाने!" म्हणून परिपाठात ही गोष्ट सांगितली.

सत्यनारायण गोयंका यांचा जन्म १९२४ साली ब्रह्मदेशातील मंडाले येथे मारवाडी कुटुंबात झाला. तरुण वयातच ते मोठे उद्योजक झाले. पण अर्धशिशीने ते हैराण होते. परदेशात उपचार केले, तरी गुण येईना. शेवटी १९५५ मध्ये ते विपश्यना शिकायला सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. नुसत्या डोकेदुखीसाठी येणार असाल तर नको, असं गुरूंनी आधी सांगितलं. मन शुद्ध करायचं असेल तरच या! मग ते चौदा वर्षं शिकले. मधल्या काळात लष्करी सरकारने उद्योगधंदे ताब्यात घेतले, त्यात त्यांचेही गेले.

१९६९ मध्ये ते भारतात आले. पहिलं शिबिर मुंबईतच झालं. १९७६ मध्ये इगतपुरीला धम्मगिरी केंद्र सुरू झालं. १९९४ मध्ये तिहार तुरुंगात हजारावर कैदी एकाच शिबिराला बसले.

मुलांना सर्वात नवल वाटलं ते फीचं. शिबिरात शिकवण्याचे, राहण्या-जेवणाचे पैसे घेत नाहीत. ज्याने शिबिर पूर्ण केलंय, त्याचंच दान घेतात. खरेदी-विक्री केलेल्या माणसाने विद्येला मात्र किंमत लावली नाही.

त्यांच्या प्रेरणेने ग्लोबल विपश्यना फाउंडेशन या धर्मादाय संस्थेने गोराईचा पॅगोडा उभारला. २००९ मध्ये तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते उद्घाटन झालं. आत एकही खांब नाही! दगडात दगड अडकवून घुमट पेललाय. खाली सुमारे आठ हजार माणसं बसू शकतात. गोयंका गुरुजींना २०१२ मध्ये पद्मभूषण मिळालं, २०१३ मध्ये त्यांचं निधन झालं.

आपल्या शाळांतला 'मित्र उपक्रम', म्हणजे आनापान, याच परंपरेतला. आपण तो बरेचदा नोंदीपुरता उरकतो, मीसुद्धा! आता मात्र परिपाठानंतरची ती दहा मिनिटं मी सोडत नाही.

पालकहो, क्लासची फी जास्त म्हणजे शिक्षण चांगलं, असं आपण धरून चालतो. एकदा मुलांना घेऊन पॅगोडा पाहून या. प्रवेशाला तिकीट नाही.

मुलांना विचारा :
१) गुरूंनी त्यांना आधी नकार का दिला?
२) मोफत मिळालेली गोष्ट आपण कशी जपतो?
३) तुला येणारी कोणती गोष्ट तू दुसऱ्याला फुकट शिकवशील?