पटावरील खेळ व रंगविलेल्या सोंगट्या



गेल्या पावसाळ्यांत दर शनिवारीं शाळा सुटल्यावर आमच्या वर्गांत एक मेज मांडलें जाई. त्यावर एक पट, दोन फांसे व बोटाच्या पेराएवढ्या कांहीं मूर्ति असत. पांचसात मुलें व मुली भोंवतीं जमत; कोणी मूर्ति रंगवीत, कोणी खेळत, कोणी नुसतेंच पाहात बसत. एके शनिवारीं एका विद्यार्थ्याचे वडील त्यास नेण्यास आले. मेजावरील फांसे दृष्टीस पडतांच ते दारांतच थबकले. थोड्या वेळानें ते आम्हांस बाजूस घेऊन म्हणाले, “मास्तर, फांशांपायीं आमच्या आजोबांनीं घरचें शेत घालविलें. माझ्या बापानें जन्मभर दुसऱ्याच्या बांधावर मजुरी केली. मिशनच्या शाळेंत तरी फांसे दिसतील असें वाटलें नव्हतें.”

त्या वेळीं आम्हांस धड उत्तर देतां आलें नाहीं. “येथें पैशांचा खेळ नाहीं,” इतकेंच आम्ही बोललों. परंतु त्या गृहस्थांचा प्रश्न इतक्यानें मिटण्याजोगा नव्हता. तो मनांत ठेवून आम्हीं या छंदाचा जो विचार केला तो आज आपणांपुढें व आपल्या मातापितरांपुढें मांडीत आहों.

प्रथम हा छंद म्हणजे काय तें पाहूं. मेजाभोंवतीं समोरासमोर बसून, पटावर सोंगट्या चालवून, ठरलेल्या नियमांनीं जो खेळ खेळतात तो पटावरील खेळ. बुद्धिबळें व सोंगट्या हीं त्याचीं आपल्या घरांतील उदाहरणें होत. पाश्चात्य देशांत गेल्या पन्नास वर्षांत या वृक्षास एक नवी फांदी फुटली आहे. अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनीं १९७४ सालीं ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा कथारूप खेळ प्रसिद्ध केला, व इंग्लंडांत १९८३ सालीं ‘वॉरहॅमर’ हा लढाईचा खेळ निघाला. अशा खेळांतील सोंगटी म्हणजे नुसती लांकडाची गोटी नसते. योद्धा, वाटसरू, घोडेस्वार किंवा कल्पित राक्षस यांची ती घडीव प्रतिमा असते. तिची उंची बहुधा अठ्ठावीस मिलिमीटरांच्या आसपास असते. ती प्लास्टिकची, राळेची किंवा कथलाच्या मिश्र धातूची असून बहुतकरून रंगावांचून विकत मिळते. रंग ज्याचा त्यानें द्यावयाचा; आणि हें रंगकाम पुष्कळांस खेळाइतकेंच, कित्येकांस तर खेळाहूनही अधिक प्रिय असतें.

ही फांदी नवी असली तरी वृक्ष फार जुना आहे. पवित्र शास्त्रांत अब्राहामाचें मूळ गांव म्हणून ज्या ऊर नगराचा उल्लेख आहे, तें नगर पुष्कळ विद्वानांच्या मतें आजच्या इराक देशांतील एका टेकाडाखालीं होतें. तेथें लेनर्ड वुली या संशोधकानें १९२० नंतरच्या दशकांत उत्खनन केलें, तेव्हां राजघराण्याच्या थडग्यांत खेळाचे पट सांपडले. त्यांपैकीं एक लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्यें आहे. सुमारें साडेचार हजार वर्षांपूर्वींच्या त्या पटावर वीस घरें असून तीं शिंपला, तांबडा चुनखडक व निळा राजवर्त यांच्या तुकड्यांनीं जडविलेलीं आहेत. प्रत्येक गड्यास सात सोंगट्या असत. पुढें बाबिलोनांत इ. स. पूर्व १७७ च्या सुमारास लिहिलेल्या एका मातीच्या विटेवरून अर्व्हिंग फिंकेल या पंडितांनीं या खेळाचे नियम उलगडले. खेळाची वस्तु सुंदर असावी ही इच्छा किती जुनी आहे, हें त्या पटावरून कळतें.

दुसरें उदाहरण स्कॉटलंडचें. त्या देशाच्या वायव्येस लुइस नांवाचें बेट आहे. तेथें १८३१ सालीं बाराव्या शतकांतील बुद्धिबळांचीं मोहरीं सांपडलीं. बहुतेक मोहरीं वॉलरस या समुद्रप्राण्याच्या सुळ्यांतून कोरलेलीं आहेत. आपल्या पटावर ज्या जागीं उंट असतो, त्या जागीं तेथें हातांत दंड व डोईवर उंच टोपी धारण केलेला ख्रिस्ती धर्माध्यक्ष आहे. कांहीं शिपाई तर आवेशानें आपल्याच ढालीची कड दांतांनीं चावीत आहेत! सांपडलीं तेव्हां त्यांतील कांहीं मोहऱ्यांवर तांबड्या रंगाच्या खुणा होत्या. म्हणजे दोन पक्ष ओळखूं यावेत म्हणून मोहरीं रंगविण्याची चाल तेव्हांही होती.

आपल्या प्रांतांतही ही कला अनोळखी नाहीं. लाल, पिवळ्या, हिरव्या व काळ्या सोंगट्या आपल्या आजीच्या फडताळांत कित्येकांनीं पाहिल्या असतील. सावंतवाडीस हातानें रंगविलेला गंजिफा आजही तयार होतो. त्यांतील दशावतारी गंजिफ्यांत दहा रंगांचीं प्रत्येकी बारा, म्हणजे एकूण १२० वाटोळीं पानें असतात. तेवढ्याशा वर्तुळांत मत्स्य, कूर्म, वराह काढणारा चितारी आणि बोटभर मूर्तीच्या झग्यास रंग देणारा विद्यार्थी, हे दोघेही एकाच पाठशाळेचे शिष्य होत.

आतां प्रत्यक्ष रंगकामाकडे वळूं. मूर्ति प्रथम साबणाच्या कोमट पाण्यानें धुऊन वाळवावी, कारण सांच्यांतून काढतांना तिला लागलेला तेलकटपणा रंगास धरूं देत नाहीं. सांच्याच्या जोडाची रेघ अंगावर दिसत असल्यास ती हलक्या हातानें खरवडावी. हें काम लहान मुलांनीं वडील माणसाच्या देखरेखीवांचून करूं नये. नंतर करड्या किंवा पांढऱ्या रंगाचा अस्तराचा हात द्यावा. पावसाळ्यांत हवा दमट असते, त्यामुळें फवाऱ्याचें अस्तर खरबरीत बसतें. म्हणून त्या दिवसांत अस्तर कुंचल्यानेंच द्यावें.

मग खरा रंग. पाण्यांत मिसळणारे अॅक्रिलिक रंग यास उत्तम. रंग दुधाइतका पातळ करावा. एक जाड हात देण्यापेक्षां दोन पातळ हात द्यावेत, आणि पहिला वाळल्यावांचून दुसरा देऊं नये. आमच्या मेजावर बिघडलेल्या दहा मूर्तींपैकीं आठ या एका उतावळेपणानें बिघडल्या. जाड रंग नाकडोळे बुजवून टाकतो, आणि मूर्तिकाराचें सारें कौशल्य त्याखालीं गडप होतें. मूळ रंग वाळल्यावर गडद व अगदीं पातळ रंग सर्वांगावर सोडावा. तो वस्त्रांच्या चुण्यांत ओघळून बसतो व सांवली आपोआप पडते. त्यानंतर कुंचल्यावर फिकट रंग घेऊन तो फडक्यावर जवळजवळ सगळा पुसून टाकावा आणि तो कोरडा कुंचला उंच भागांवरून हळूच फिरवावा. कडा उजळतात, व निर्जीव तुकड्यांत जीव आल्यासारखा भासतो. शेवटीं रोगणाचा पातळ हात द्यावा, म्हणजे खेळतांना बोटांनीं रंग उडत नाहीं.

दोन सूचना विसरूं नयेत. कुंचल्याचें टोंक ओठांनीं ओलें करूं नये; आणि जुने शिशाचे शिपाई कोणाच्या घरीं असल्यास ते लहानांच्या हातीं देऊं नयेत, कारण शिसें विषारी आहे. ज्यांस मूर्ति विकत घेणें परवडत नाहीं त्यांनीं खंत करूं नये. लांकडी प्यादीं किंवा शाडूच्या घरगुती मूर्ति यांवरही हात तितकाच बसतो.

लढाईच्या खेळाविषयीं कोणी विचारील, मुलांस युद्धाची गोडी कां लावावी? हा आक्षेप विचार करण्याजोगा आहे. प्रशियाच्या सैन्यांत राइसविट्झ पितापुत्रांनीं तयार केलेला युद्धाचा खेळ १८२४ सालीं छापून प्रसिद्ध झाला. तो सेनानायकांच्या शिक्षणासाठीं होता. पुढें इंग्रज ग्रंथकार एच. जी. वेल्स यांनीं १९१३ सालीं ‘लिटल वॉर्स’ हें पुस्तक लिहून तसला खेळ घराघरांत आणला. त्यांत शिशाचें पायदळ एका खेपेस एक फूट चाले, घोडदळ दोन फूट. आणि तोफ म्हणजे लांकडी गोळी उडविणारें खेळणें. पुस्तकाच्या शेवटीं वेल्स यांनीं, खऱ्या युद्धापेक्षां हें खेळांतलें युद्ध किती बरें, अशा आशयाचें लिहिलें आहे. पुढच्याच वर्षीं, १९१४ सालीं, पहिलें महायुद्ध पेटलें. खेळानें युद्ध टळलें नाहीं. म्हणून आम्ही मुलांस सांगतों कीं, पटावर पडलेला शिपाई खेळ संपल्यावर पेटींत परत जातो. खरा शिपाई घरीं परत येत नाहीं. हें लक्षांत ठेवूनच फांसा टाकावा.

आतां त्या गृहस्थांचा प्रश्न. फांसा हें पाप आहे काय? फांशांचा कलंक आम्हांस ठाऊक नाहीं असें नाहीं. धर्मराजानें द्यूतांत राज्य, बंधु व पत्नी पणास लाविली. आणि प्रभूच्या वधस्तंभाखालीं शिपायांनीं त्याच्या वस्त्रासाठीं चिठ्ठ्या टाकल्या. परंतु फांसा स्वतः गणिताचा एक धडा आहे. दोन फांसे टाकले असतां छत्तीस प्रकारचीं दानें पडूं शकतात. त्यांत सातांची बेरीज सहा प्रकारांनीं येते, दोनांची व बारांची प्रत्येकी एकाच प्रकारानें. पास्कल व फर्मा या दोघां फ्रेंच गणित्यांनीं १६५४ सालीं खेळांतील डावाच्या वांटणीविषयीं पत्रव्यवहार केला, आणि त्यांतून संभवगणिताचा पाया घातला गेला. क्लाउस टॉयबर यांचा ‘काटान’ नांवाचा जर्मन खेळ १९९५ सालीं निघाला. त्यांत सहा व आठ हे आंकडे तांबड्या रंगांत छापलेले असतात. सात वगळल्यास तेच सर्वांत अधिक वेळां येतात म्हणून. हें ज्या मुलास कळलें, त्यास ‘आज माझें नशीब आहे’ असें सांगून कोणी फसवूं शकत नाहीं. जुगार खेळविणाऱ्याचा धंदा या अज्ञानावरच चालतो.

तरी येथेंच थांबलों तर आम्ही त्या गृहस्थांशीं प्रामाणिकपणें वागलों असें होणार नाहीं. शेत घालविलें तें फांशांनीं नव्हे, लोभानें, हें खरें. पण लोभ फांशांतूनच शिरतो असें नाहीं. आमच्याच घरचें उदाहरण सांगतों. या छंदाच्या पहिल्या वर्षीं आम्हीं हौसेनें एकदम चाळीस मूर्ति मागविल्या. त्यांपैकीं सहा रंगविल्या. बाकीच्या पेटींत तशाच पडून राहिल्या, आणि तरीही नव्या मूर्तींचीं चित्रें पाहून आमचा हात खिशाकडे जाऊं लागला. एके दिवशीं आमच्या मंडळींनीं पेटी उघडून, “आधीं यांना कपडे घाला, मग पाहुणे बोलवा,” इतकेंच म्हटलें. आम्हीं निरुत्तर झालों. रंगविण्याचा आनंद सोडून मिळविण्याच्या हव्यासास आम्ही लागलों होतों, आणि त्या हव्यासाची जात आजोबांच्या फांशांहून निराळी नव्हती.

त्या दिवसापासून एक नियम केला, तोच शाळेच्या मेजासही लागू आहे: हातांतली मूर्ति पुरी झाल्यावांचून दुसरी घ्यावयाची नाहीं. हा नियम साधा आहे, पण त्यानें बराच फरक पडला. एक मूर्ति पुरी व्हावयास तीनचार शनिवार लागतात. रंग वाळण्याची वाट पाहिलीच पाहिजे. तेथें घाई, वशिला किंवा पैसा चालत नाहीं. आणि इतक्या कष्टानें रंगविलेली आपली मूर्ति डावांत पडते तेव्हां ती शांतपणें उचलून बाजूस ठेवावी लागते. पहिल्या महिन्यांत एका मुलानें हरल्यावर पट उधळून दिला होता. दिवाळीच्या सुटीच्या सुमारास तोच मुलगा हरल्यावर गड्याच्या मूर्तीचा तुटलेला हात चिकटवून देतांना आम्हीं पाहिला. त्याबद्दल त्यास कोणी कांहीं सांगितलें नव्हतें.

हें सर्व आम्हीं पुढें त्या गृहस्थांस घरीं जाऊन सांगितलें. त्यांचें पूर्ण समाधान झालें असें आम्ही म्हणत नाहीं. मुलानें रंगविलेला मेंढपाळ त्यांनीं तळहातावर घेऊन बराच वेळ पाहिला आणि म्हटलें, “रंगवूं दे. पण परीक्षेच्या महिन्यांत नको. आणि पैशाची गोष्ट निघाली कीं त्याच दिवशीं बंद.” दोन्ही अटी आम्हीं मान्य केल्या. मेजावर पैसा, गोळी किंवा पेन्सिलीचा तुकडाही पणास लावावयाचा नाहीं, हा नियम तेव्हांपासून फळ्याच्या कोपऱ्यांत लिहिलेला आहे.

पालकहो, आपल्या मुलास हा छंद लागल्यास एकच विनंती: एखाद्या रविवारीं दुपारीं उपासनेहून आल्यावर त्याच्यासमोर मेजाशीं बसा व एक डाव खेळा. तो काय विकत मागतो यापेक्षां तो हरल्यावर कसा वागतो, तें पाहा. आणि मुलांनो, येत्या पावसाळ्यांत मेज पुन्हां मांडलें जाईल. ज्यांस यावयाचें असेल त्यांनीं जुनें फडकें, पाण्याचा एक पेला आणि एकच मूर्ति घेऊन यावें.