हमरस्त्यावरील स्पर्धा आणि आडमार्गावरील एसटी

यवतमाळ जिल्ह्यात प्रवासी वाहतुकीची दोन चित्रे दिसतात. कळंब, यवतमाळ, आर्णी, उमरखेड या हमरस्त्यावर एसटी, खाजगी ट्रॅव्हल्स व काळीपिवळी यांची प्रवाशांसाठी चढाओढ चालते. उलट, झरी-जामणी तालुक्यातील एखाद्या कोलाम पोडावरील प्रवाशाला मात्र एकाच फेरीची वाट पाहावी लागते. या दोन चित्रांचा परस्परसंबंध समजून घेणे आवश्यक आहे.

1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) मार्गावर एसटीची पहिली गाडी धावली. 1961 मध्ये विदर्भ व मराठवाड्यातील सार्वजनिक सेवाही एकत्र येऊन महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ आकारास आले. भरल्या मार्गाच्या उत्पन्नावर तुटीचा मार्ग चालवावा, हे या व्यवस्थेमागील सूत्र होय.

समजा, हमरस्त्यावरील फेरीस 40 प्रवासी मिळतात आणि आडगावच्या फेरीस 12. पहिलीची शिल्लक दुसरीची तूट भरून काढते. त्या 40 पैकी 15 प्रवासी अन्य वाहनांकडे वळले, तरी हमरस्त्यावरील फेरी बंद पडत नाही. केवळ तिची शिल्लक संपते. बंद पडते ती आडगावची फेरी. स्पर्धा एका रस्त्यावर होते आणि तिची झळ दुसऱ्या रस्त्याला पोहोचते, ती अशी.

स्पर्धेचे लाभही नाकारता येणार नाहीत. पुण्यासारख्या दूरच्या शहरी जाणाऱ्यास रात्रीच्या प्रवासासाठी गाड्यांची निवड करता येते. एसटी न पोहोचणाऱ्या गावी जीपगाडीच आधार ठरते. तथापि, विद्यार्थ्यांचा पास अथवा मार्च 2023 पासून महिलांना मिळणारी निम्म्या भाड्याची सवलत जीपगाडीत चालत नाही. ज्या गावी एसटी जात नाही, तेथे या सवलती कागदावरच राहतात. शाळेच्या वेळेची फेरी तुटली, की मुलींचे शिक्षण थांबण्याचा धोका संभवतो.

मोटार वाहन अधिनियम, 1988 मध्ये टप्प्याटप्प्यावर प्रवासी घेणारी वाहने व कराराने ठराविक प्रवासी नेणारी वाहने यांत स्पष्ट भेद केला आहे. त्याचे पालन करविणे हे परिवहन अधिकाऱ्यांचे काम होय. ग्रामपंचायतींनीही केवळ गाडीची मागणी करून थांबू नये. शाळा, बाजार व दवाखाना यांच्या वेळा आणि अपेक्षित प्रवासी यांची नोंद करून ग्रामसभेच्या ठरावासह ती आगार व्यवस्थापकांकडे द्यावी. शिक्षकांनी पासधारक विद्यार्थ्यांची यादी जोडावी. फेरी सुरू झाल्यावर गावानेही तिचाच वापर करावा. गावाने पाठ फिरविलेली फेरी फार काळ टिकत नाही.