अपील होईल, पण मुक्कामाचं काय?

एच-वन-बीचं एक्स्टेंशन नाकारलं गेल्याची बातमी फुटली, की ओळखीतला प्रत्येक जण धीर देतो : ‘घाबरू नकोस, अपील करता येतं. शिवाय साठ दिवस असतातच.’ दोन्ही गोष्टी अर्धवट खऱ्या आहेत, आणि अमेरिकेत माणूस अडकतो तो अशाच सल्ल्यांनी. पत्र आलं की आधी स्वतःचा आय-९४, म्हणजे प्रवेशाची नोंद, काढा आणि त्यावरची मुक्काम संपण्याची तारीख बघा. नकाराचं कारण तासाभरानं वाचलंत तरी चालेल.

माझं प्रकरण २०१८-१९ मधलं, हार्टफर्डचं. क्लायंट बदलला म्हणून कन्सल्टन्सीनं अमेंडमेंट आणि एक्स्टेंशन एकत्रच भरलं, तेही मुदत संपत आल्यावर. त्या हिवाळ्यात अशा अर्जांना प्रीमियम प्रोसेसिंगची सोय बंद होती. अर्ज वेळेत गेलेला असेल तर आय-९४ संपल्यावरही त्याच कंपनीत २४० दिवसांपर्यंत काम करता येतं. तसं मी करत होतो. नकार आला आणि ती मुभा तिथेच संपली. लॅपटॉप त्याच दुपारी जमा केला. नोकरी गेल्यावर राहण्याची साठ दिवसांची सवलत मला मिळणारच नव्हती, कारण ती आय-९४च्या तारखेपलीकडे जात नाही आणि माझी तारीख केव्हाच उलटली होती. उलट, दुसऱ्या दिवसापासून बेकायदा वास्तव्य मोजलं जाऊ लागलं. ते १८० दिवसांच्या वर गेलं आणि मग देश सोडला तर तीन वर्षं प्रवेशबंदी. वर्षभर राहिलं तर दहा वर्षं. बायकोचा एच-फोर माझ्यावरच अवलंबून, त्यामुळे तिचीही तीच गत.

याच कारणासाठी एक्स्टेंशन मुदतीच्या सहा महिने आधी भरायला लावा. तेवढी परवानगी कायद्यात आहे. प्रीमियम भरलं तर पंधरा कामाच्या दिवसांत उत्तर, नाहीतर निदान पुढची शंका, हातात येते. मग नकार आला तरी आय-९४ जिवंत असतो आणि दुसरी कंपनी शोधायला, स्टेटस बदलायला जागा उरते. कंपनीचा एचआर ‘अजून वेळ आहे’ म्हणतो. वेळ त्याला असतो.

आता अपील. आय-२९०बी हा फॉर्म निर्णयापासून ३० दिवसांत भरायचा, निर्णय टपालानं आला असेल तर ३३. पण पिटिशन कंपनीचं असतं, म्हणून तो कंपनीनंच भरायचा. एच-वन-बी कर्मचाऱ्याला सहसा तो अधिकार नाही. नवा पुरावा असेल तर प्रकरण पुन्हा उघडण्याची मागणी करता येते. आहे त्याच कागदांवर कायदा चुकीचा लावला असेल तर फेरविचाराची. ज्या ऑफिसनं नकार दिला तेच अपील आधी बघतं, मग ते वर जातं. या सगळ्या काळात तुम्हाला राहण्याचा किंवा काम करण्याचा हक्क मिळत नाही. कंपनीला स्वतःची बाजू खरी करून घ्यायची असेल तर अपील उत्तम. तुमचं बिऱ्हाड त्यानं एक दिवसही टिकत नाही.

माझ्या एचआरनं मला नकाराचं फक्त शेवटचं पान पाठवलं होतं. मी पूर्ण संच मागितला : मूळ पिटिशन, आरएफई (जादा पुराव्याची मागणी), तिला दिलेलं उत्तर आणि निर्णय. तो मिळेपर्यंत रोज मेल केली. वाचल्यावर कळलं, की कामाच्या वर्णनात ‘गरजांचं विश्लेषण, टीमशी समन्वय, चाचणीत सहभाग’ एवढंच होतं. हे शेजारच्या क्युबिकलमधल्या कुणाच्याही नावावर खपलं असतं. मी प्रत्यक्षात विम्याच्या क्लेम्सची रात्रीची बॅच चालवणारी प्रणाली लिहीत होतो. पगाराची पातळी लेव्हल वन, आणि क्लायंटचं पत्र नव्हतंच. मधल्या व्हेंडरचं होतं. आधीच्या दोन मंजुऱ्या दाखवून उपयोग नव्हता, कारण ऑक्टोबर २०१७ पासून जुन्या मंजुरीला मान देण्याचं धोरण काढून टाकलं होतं. जानेवारी २०२५ पासून ते नियमातच आलं आहे, पण वस्तुस्थिती तीच असेल तर. क्लायंट बदलला तर त्यावर फार विसंबू नका.

आम्ही अपील केलं नाही. कंपनीनं नवं पिटिशन भरलं आणि मी कुटुंबासह पुण्याला परतलो. एच-वन-बीच्या वार्षिक कॅपमध्ये एकदा मोजला गेल्यामुळे लॉटरीचा प्रश्न नव्हता. या वेळी क्लायंटच्या मॅनेजरचं पत्र होतं. प्रत्येक कामाला किती टक्के वेळ जातो आणि त्याला एमसीएतला कोणता विषय लागतो, तेही लिहिलं. रुग्णांची नावं काळी करून डिझाइनची पानं जोडली. बीसीएस तीन वर्षांचं असल्यामुळे पदव्यांचं मूल्यांकनही नव्यानं करून घेतलं. एकट्या तीन वर्षांच्या पदवीला तिथे चार वर्षांच्या पदवीचा दर्जा मिळत नाही. मंजुरी आली, स्टॅम्पिंग बीकेसीत झालं.

हा रस्ता आज डोळे मिटून धरू नका. सप्टेंबर २०२५ च्या अध्यक्षीय फर्मानानं देशाबाहेरच्या, वैध एच-वन-बी व्हिसा नसलेल्या माणसासाठीच्या नव्या पिटिशनवर एक लाख डॉलरची रक्कम लावली. ती आपल्याला लागते का, हे विमानाचं तिकीट काढण्याआधी वकिलाकडून लेखी घ्या. तो वकील कंपनीचा नको. त्याचं पहिलं कर्तव्य पगार देणाऱ्याशी असतं. तासाभराची फी भरून स्वतःचा बघा.

जाताना एचआरला भारतातला पत्ता देऊन ठेवा, नाहीतर पुढच्या वर्षी डब्ल्यू-२ जुन्या अपार्टमेंटच्या पेटीत पडून राहतो. फोर-ओ-वन-के घाईनं काढू नका. आणि गाडी विकेपर्यंत चालवायची असेल तर लायसन्सची तारीख बघून ठेवा : बऱ्याच राज्यांत ती आय-९४च्या किंवा आय-७९७ या मंजुरीपत्राच्या तारखेशी जोडलेली असते.