पाय हलला की हलवला? : प्रतिक्षिप्त क्रियेच्या चाचणीची भाषा

मागील घटकात आपण मूळ क्रियापद व प्रयोजक क्रियापद यांतील भेद पाहिला. ‘हलणे’ आणि ‘हलवणे’ ही जोडी तेथे केवळ व्याकरणाचे उदाहरण म्हणून आली होती. शास्त्रीय मजकुरात हाच भेद किती निर्णायक ठरतो, हे आता पाहू.

आपल्यापैकी अनेकजण शिरूर व दौंड या तालुक्यांतून हा अभ्यासक्रम पूर्ण करीत आहात. घोड-भीमेच्या या ऊसपट्ट्यातील एखादा शेतकरी विहिरीत पडला, पाठीचा कणा दुखावला आणि दोन्ही पायांतील बळ गेले, अशी कल्पना करा. लोक याला सहज ‘अर्धांगवायू’ म्हणतील. परंतु अर्धांगात शरीराची उजवी किंवा डावी बाजू जाते, येथे कंबरेखालचा भाग गेला आहे. त्यासाठी ‘अधरांगघात’ हा शब्द आहे. काही आठवड्यांनी अंथरुणातला पाय अचानक झटका देतो. घरात आनंद होतो : “पाय हलवला!” वस्तुतः पाय हलला आहे.

मेंदूची आज्ञा न घेता मज्जारज्जूतूनच परतणारे उत्तर म्हणजे प्रतिक्षिप्त क्रिया. ‘क्षिप्त’ म्हणजे फेकलेले, ‘प्रति’ म्हणजे उलट. (मराठी विश्वकोशात ‘प्रतिक्षेपी क्रिया’ असा शब्द आढळतो, शालेय पुस्तकांमुळे ‘प्रतिक्षिप्त’ अधिक रुळला.) गुडघ्याखाली हातोडी मारून पाय उडतो का, हे पाहण्याची पद्धत एर्ब व वेस्टफाल या जर्मन वैद्यांनी 1875 मध्ये वर्णिली. पुढे पॉल हॉफमन यांनी 1910 च्या सुमारास गुडघ्यामागील चेतेला विजेचा सौम्य स्पंद देऊन पोटरीचे उत्तर नोंदवले.

अलीकडची पद्धत थेट कण्यापाशी जाते; मात्र सुई नाही, शस्त्रक्रिया नाही. छातीच्या अकराव्या-बाराव्या मणक्यांवर त्वचेला एक विद्युत-अग्र चिकटवतात, दुसरे पोटावर. सुमारे 1 मिलिसेकंदाचा स्पंद दिला की पायांकडून संवेदना आणणारी, मज्जारज्जूत मागून शिरणारी चेतामुळे उत्तेजित होतात आणि दोन्ही पायांच्या मांड्या-पोटऱ्यांतील स्नायू एकाच वेळी उत्तर देतात. व्हिएन्नातील मिनासियन व सहकाऱ्यांनी या पद्धतीचे वर्णन 2007 मध्ये प्रसिद्ध केले. हॉफमन यांच्या पद्धतीत पोटरीचे उत्तर यायला सुमारे 30 मिलिसेकंद लागतात, येथे सुमारे 20. कारण गुडघ्यापासून कण्यापर्यंतचा प्रवास वाचतो.

पण स्नायूकडे जाणारी चेताच थेट उत्तेजित झाली नाही कशावरून? त्यासाठी सुमारे 50 मिलिसेकंदांच्या अंतराने दोन स्पंद देतात. उत्तर प्रतिक्षिप्त असेल, तर दुसरे पहिल्यापेक्षा बरेच क्षीण येते. थेट उत्तेजनात असे घडत नाही. युक्ती साधी आहे, आणि मला ती या साऱ्या पद्धतीतील सर्वांत देखणी गोष्ट वाटते.

आता आपल्या शेतकऱ्याकडे वळू. उत्तर आले, याचा अर्थ इजेच्या खालचे मंडल शाबूत आहे. मेंदूचा निरोप तेथे पोहोचतो, असे त्यातून सिद्ध होत नाही. म्हणून संशोधक आणखी एक गोष्ट करतात : स्पंदाच्या वेळी रुग्णाला पाय हलवण्याचा प्रयत्न करायला सांगतात. डोळ्यांना काहीच दिसत नाही, पण त्या प्रयत्नाने उत्तराचा आकार बदलला, तर काही धागे शिल्लक असण्याची शक्यता असते. ही चाचणी मुख्यतः प्रयोगशाळांतच होते. निदान व उपचार ठरवण्यासाठी तज्ज्ञांची तपासणीच लागते.

चुकीच्या क्रियापदाची किंमत मोठी असते. ‘हलवला’ ऐकलेले कुटुंब व्यायाम, त्वचेची निगा, चाकांची खुर्ची हे सारे पुढे ढकलते आणि मालिशवाल्याकडे पैसे घालते. याउलट मुरलीकांत पेटकर पाहा. 1965 च्या युद्धात गोळ्या लागून त्यांचे कंबरेखालचे बळ गेले. 1972 मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी 50 मीटर पोहण्यात सुवर्णपदक मिळवले. पायांची वाट पाहत ते थांबले नाहीत. पुण्याजवळ खडकी येथे अशा जखमी सैनिकांसाठी स्वतंत्र पुनर्वसन केंद्रही आहे.

स्वाध्याय : वरील शेतकऱ्याच्या पत्नीला समजेल अशा भाषेत चाचणीचा निकाल आठ वाक्यांत लिहा. ‘हलला’ व ‘हलवला’ कोठे वापरले ते अधोरेखित करा. तिची आशा मोडणार नाही आणि खोटीही ठरणार नाही, असे एक वाक्य त्यात असावे.