तू आधी दे! : डेडलॉक म्हणजे काय?

माझ्या चौथीच्या वर्गात एकाकडे पट्टी, दुसऱ्याकडे पेन्सिल. दोघांनाही दोन्ही हवं. "तू आधी दे!" वही कोरीच.

नेटवर्क कार्ड चालवणाऱ्या ड्रायव्हरचंही असंच अडतं. लिनक्समध्ये कार्ड बंद करणारा भाग 'आरटीएनएल' हे कुलूप धरून मागचं काम संपायची वाट बघतो. आणि त्या कामाला तेच कुलूप हवं असतं! झालं, दोघंही ठप्प. मग उपाय? कामाने कुलपापाशी ताटकळायचं नाही. मिळालं तर घ्यायचं, नाहीतर मागे फिरायचं.

२००६ पासून लिनक्समध्ये 'लॉकडेप' आहे. कुलपं कोणत्या क्रमाने घेतली ते बघून ते प्रत्यक्ष अडकण्याआधीच सावध करतं.

वर्गात मीही क्रम ठरवला: आधी पट्टी, मगच पेन्सिल. दुसऱ्या दिवशी दोघं पट्टीवरच झडप घालत होते, पण रेघ मात्र निघाली.